बटण दाबल्यावर मत जातं कुठं?

मार्च 2022 ते जानेवारी 2026. जवळपास चार वर्षं सोलापूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपली, निवडणूक आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात अडकली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. या काळात उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांआडच येत राहिलं. नगरसेवक असतानाही पाण्याची बोंब होतीच, ते नाकारायचं कारण नाही. पण तेव्हा रिकामी घागर घेऊन कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं. चार वर्षं ते दारच बंद होतं. झोन ऑफिसात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची; साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. अधिकारी वाईट होते असं माझं म्हणणं नाही. पण त्यांना पाच वर्षांनी आपल्या बोळात येऊन हात जोडायचे नव्हते.

मत का द्यायचं, याचं उत्तर सोलापूरकरांनी असं चार वर्षं जगून पाहिलंय. तरीही 15 जानेवारीला महापालिकेचं मतदान लागलं तेव्हा चहाच्या टपरीवर तेच वाक्य कानावर आलं, जे लोकसभेला आणि विधानसभेलाही आलं होतं: ‘बटण कुठलं बी दाबा, जायचं तिथंच जातंय.’

हे वाक्य मला फार लागतं. कारण ते बोलणारा माणूस आळशी नसतो. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणारी बाई मतदानाला जाते तेव्हा तेवढ्या वेळात तिच्या हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, विडी कंपनीच्या ब्रँचला माल कमी जातो, आठवड्याचा पगार कमी येतो. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135ब सांगतं, रोजंदारीवाल्यांनाही. पण नगावर पैसे घेणाऱ्या बाईपर्यंत ते कलम पोचत नाही. पदरचं घालून ती रांगेत उभी राहत असेल, तर तिचं मत नक्की कुठं जातं हे तिला समजावून सांगणं आपलं काम आहे. ‘विश्वास ठेवा’ एवढं म्हणून भागत नाही.

आधी एका मताच्या वजनाचं बघू. 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर फक्त 48 मतांनी निवडून आले. एका चाळीतले मतदार याहून जास्त असतात. त्याच वर्षी विधानसभेला साकोलीत नाना पटोले 208 मतांनी जिंकले. आणि आपल्याकडं? सोलापूर लोकसभेला प्रणिती शिंदे 74,197 मतांनी निवडून आल्या. हा फरक मोठा वाटतो, पण त्या दिवशी सुमारे 20 लाख 30 हजार मतदारांपैकी आठ लाखांवर लोक घरीच राहिले होते. निकालाच्या फरकापेक्षा दहापट माणसं. माझं एक मत धरून काय होणार, असं या आठ लाखांतल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

आता मशीन. मी शाळामास्तर आहे, त्यामुळं निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. जे लिहितोय त्यातलं बरंचसं हातानं केलेलं आहे.

लोकसभा-विधानसभेच्या मशीनचे तीन भाग असतात. आडोशाच्या आत बॅलट युनिट, त्यावर उमेदवारांची नावं, चिन्हं आणि निळी बटणं. शेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारा डबा. आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर कंट्रोल युनिट, ज्यात मतं साठतात. तिन्ही एकमेकांना वायरनं जोडलेले. इंटरनेट नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. मशीन दोनच सरकारी कंपन्या बनवतात, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. मशीनच्या चिपमधला प्रोग्राम एकदाच लिहिला जातो, नंतर खोडून दुसरा लिहिता येत नाही, असं निवडणूक आयोग सांगतो. मुंबई उत्तर-पश्चिमच्या त्या 48 मतांनंतर मोबाइलवर ओटीपी येऊन मशीन उघडतं अशी बातमी छापून आली होती. मशीनला ओटीपी लागतच नाही असं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी स्पष्ट केलं आणि वृत्तपत्रानंही नंतर चूक कबूल केली. पण बातमी जेवढी फिरली तेवढी दुरुस्ती फिरली नाही.

पहाटे साडेपाचला, मतदानाच्या दीड तास आधी, मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान सुरू होतं. त्या वेळी केंद्रावर कधी आला नसाल तर एकदा कुठल्या तरी उमेदवाराचा एजंट म्हणून या. वर्गातली बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर परवाचा सुविचार तसाच, पुठ्ठ्याचा आडोसा चिकटपट्टीनं नीट केलेला. केंद्राध्यक्ष आधी कंट्रोल युनिटवर शून्य दाखवतात आणि चिठ्ठ्यांचा कप्पा उघडून रिकामा असल्याचं दाखवतात. मग हजर एजंटांनी मिळून किमान 50 मतं टाकायची. प्रत्येक उमेदवाराला, नोटालाही. कुणी कुणाला किती दिली हे कागदावर टिपत जायचं. मग रिझल्टचं बटण. आकडे वाचायचे, कप्प्यातल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ढीग लावायचे, मोजायचे. कागद, मशीन आणि चिठ्ठ्या, तिन्ही जुळलं की क्लिअर दाबून सगळं पुसायचं. त्या चिठ्ठ्यांवर मागं मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील. मग मशीनला हिरवा कागदी सील लावायचा, त्याचा नंबर लिहून घ्यायचा, एजंटांनी सही करायची.

एजंट आले नाहीत तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुढं चालू करायचं, असा नियम आहे. खरी मेख इथंच आहे. ज्या पक्षाचे लोक निकालानंतर मशीनवर बोट ठेवतात, त्यांचा माणूस पहाटे साडेपाचला त्या वर्गात होता का, हे मी आधी विचारतो. बऱ्याचदा तो आठला येतो.

पुढं तुम्ही येता. नाव तपासलं, शाई लागली, सही झाली, की टेबलावरचा अधिकारी बॅलटचं बटण दाबतो. तेव्हाच आतलं युनिट एका मतासाठी उघडतं. तुम्ही बटण दाबलं की चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो, काचेमागं चिठ्ठी येते, सात सेकंद दिसते, कापली जाऊन खाली पडते आणि लांब बीप वाजतो. ही सात सेकंद बघा. निघायच्या घाईत लोक चिठ्ठीकडं ढुंकूनही बघत नाहीत. चिठ्ठीवर वेगळंच चिन्ह दिसलं तर तिथल्या तिथं तक्रार करता येते. लेखी घेऊन, सगळ्यांसमोर चाचणी मत टाकून तपासतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षेची तरतूद आहे. ही तरतूद मला जाचक वाटते. सात सेकंदांत डोळ्यांना जे दिसलं ते सिद्ध कसं करायचं, या भीतीनं खरा माणूसही गप्प बसेल.

संध्याकाळी क्लोज दाबलं की मशीन मत घेणं बंद करतं. मग भरला जातो नमुना 17सी. या बूथवर एकूण किती मतं पडली, मशीनचा नंबर काय, सील कोणते, सगळं त्यावर. हजर एजंटाला त्याची प्रत द्यायचीच असते. मोजणीच्या दिवशी मशीन टेबलावर आलं की नंबर आणि एकूण मतांचा आकडा या कागदाशी ताडून बघायचा. मशीन बदललं, मतं वाढली, अशा शंकांचं उत्तर या एका कागदात असतं. मात्र तो गोळा करून ठेवणारा माणूस हवा.

आता शंकेची बाजू, कारण तीही पोकळ नाही. 2010 मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मशीन हातात घेऊन दाखवलं, की आतला डिस्प्ले बदलून मोबाइलवरून आकडे फिरवता येतात. त्यासाठी मशीन उघडायला हातात यावं लागतं आणि तेव्हाची मशीन जुन्या पिढीची होती, हे खरं. पण ‘अशक्य’ हा शब्द तेव्हापासून वापरायला नको होता. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं 2009 मध्ये तिथली मतदानयंत्रं बाद ठरवली, ती घोटाळा सापडला म्हणून नव्हे. साध्या नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय मोजणी तपासता आली पाहिजे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आपल्याकडं 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्यानं आणायला सांगितलं, त्यामागंही हेच होतं: बटण दाबल्यावर डोळ्यांना दिसेल आणि पुन्हा मोजता येईल असा कागद हवा.

मग त्या कागदांपैकी मोजतात किती? प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हातानं मोजतात. आधी एकच केंद्र होतं, सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2019 मध्ये पाच केली. मशीन आणि चिठ्ठ्यांत फरक आला तर चिठ्ठ्या खऱ्या धरायच्या, असा नियम आहे. 2024 च्या विधानसभेला राज्यात 288 गुणिले 5, म्हणजे 1440 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठंही तफावत आली नाही, असं आयोगानं सांगितलं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं किती आणि कुठल्या भांड्यातली, यावर सगळं आहे. हिशेब करून बघा. राज्यात सुमारे एक लाख केंद्रं. त्यातल्या शंभरात एका मशीनमध्ये, म्हणजे हजार मशीनमध्ये, गडबड केली असं धरा. मग सोडतीनं काढलेल्या 1440 मध्ये त्यातलं एकही न सापडण्याची शक्यता सुमारे वीस लाखांत एक. म्हणजे राज्यभर मशीन फिरवली असती तर ते लपलं नसतं. राज्याचा निकाल मशीननं पालटला, हे मला पटत नाही ते या गणितामुळं.

आता एकच मतदारसंघ घ्या. केंद्रं तीनशे, त्यातल्या तीस मशीनमध्ये गडबड. पाच केंद्रं तपासली तर यातलं एकही न सापडण्याची शक्यता शंभरात 59. म्हणजे सापडण्यापेक्षा सुटण्याचीच शक्यता जास्त. हेच 28-30 केंद्रं तपासली तर चोर सुटायची शक्यता शंभरात पाचच्याही खाली येते. गडबड झाली असं मी म्हणत नाहीये, तपासणी एका मतदारसंघापुरती तोकडी आहे असं म्हणतोय. जिथं फरक थोडका आहे तिथं जास्त चिठ्ठ्या मोजा. एखादा दिवस उशीर झाला तर काय बिघडतं? सर्वोच्च न्यायालयानं मात्र 26 एप्रिल 2024 च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची आणि मतपत्रिकेकडं परत जाण्याची, दोन्ही मागण्या फेटाळल्या.

त्याच निकालात एक नवी सोय मिळाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं निकालानंतर सात दिवसांत पैसे भरून अर्ज केला, तर मतदारसंघातल्या पाच टक्के मशीनची तपासणी होते. तपासतात मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचेच इंजिनिअर. मतदानाआधी व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरायला जे यंत्र वापरतात तेही सील करून 45 दिवस ठेवायला न्यायालयानं सांगितलं. हे महत्त्वाचं होतं. कुठलं बटण कुणाचं हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नसतं, हा आयोगाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद. पण चिन्हं भरली की व्हीव्हीपॅटला ते कळतं, हे शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही रास्त आहे.

आणि इथंच आपल्या जिल्ह्यातलं मारकडवाडी येतं. माळशिरस तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला माळशिरसमधून शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर तेरा हजारांवर मतांनी जिंकले, पण मारकडवाडीत भाजपच्या राम सातपुते यांना जास्त मतं दिसली. गाव म्हणालं, हे आमचं मत नव्हे. गावानं स्वखर्चानं 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, गुन्हे दाखल करू असं बजावलं. मतदान झालं नाही. 8 डिसेंबरला शरद पवार गावात येऊन गेले, देशभर चर्चा झाली.

त्या मतपत्रिकांनी खरं काय ते कळलं असतं का? मला नाही वाटत. 20 नोव्हेंबरला गुपचूप दिलेलं मत आणि पंधरा दिवसांनी सगळ्या गावाच्या नजरेसमोर दिलेलं मत, ही दोन वेगळी मतं असतात. ज्यानं गावच्या वाऱ्याविरुद्ध मत दिलं होतं त्यानं दुसऱ्यांदा काय केलं असतं? मत गुप्त असतं ते अशाच माणसासाठी. पण म्हणून गावकऱ्यांना वेड्यात काढणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. त्यांच्याकडं दुसरा रस्ता काय होता ते बघा. चिठ्ठ्या मोजा असा अर्ज मोजणीच्या वेळी, निकाल पक्का होण्याआधी, उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी करू शकतो, गावकरी नाही. मशीन तपासणीची नवी सोय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, आणि गावाचा उमेदवार तर जिंकलेला! उरली उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका. ती 45 दिवसांत कुठलाही मतदारही दाखल करू शकतो, पण वकील, खर्च आणि वर्षानुवर्षं तारखा. ज्याला शंका आहे त्याला ती फेडून घ्यायचा स्वस्त आणि झटपट मार्ग कायद्यानं ठेवला नाही, तर तो आपल्या पद्धतीनं मार्ग काढणारच.

गावात कुणाला किती पडली हे कळतं ते मोजणी बूथनिहाय होते म्हणून, आणि ही स्वतंत्र अडचण आहे. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. आता प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा बाहेर येतो आणि मग ‘तुमच्या वस्तीनं आम्हाला दिलं नाही’ हे सुनावलं जातं. अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारा टोटलायझर आणावा असा प्रस्ताव आयोगानंच दिला होता. तो अंमलात आला नाही. दलित वस्त्यांसाठी, छोट्या गावांसाठी, मोहल्ल्यांसाठी हा प्रश्न मशीन हॅक होण्यापेक्षा रोजचा आहे.

महापालिकेचं तर आणखी वेगळं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नव्हे. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाला चार मतं, आणि व्हीव्हीपॅट नाही. बटण दाबलं, दिवा लागला, चारही मतं झाल्यावर बीप वाजला, संपलं. मोजायला कागदच नाही. ज्या निवडणुकीत पाच-पन्नास मतांनी निकाल लागतात तिथंच पुन्हा मोजायची सोय नसावी, हे कुठल्याही तांत्रिक कारणानं मला पटलेलं नाही. सोलापूरच्या सगळ्याच पक्षांनी एकत्र येऊन मागावी अशी ही गोष्ट आहे.

चूक कुठं होते याचा एक खरा दाखला हरियाणातला. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या 2022 च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर अधिकाऱ्याकडून उमेदवारांचे आकडे लिहिताना अदलाबदल झाली आणि हरलेला माणूस विजयी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं मशीन दिल्लीला मागवून मोजली. मोहित कुमार यांना 1051, कुलदीप सिंह यांना 1000. पावणेतीन वर्षांनी खरा सरपंच ठरला. मशीननं मतं बरोबर धरून ठेवली होती. चूक पेनानं झाली.

पेनाच्या चुका सर्वांत जास्त होतात त्या मतदार यादीत. मशीनवर तासन् तास बोलणाऱ्यांना मी विचारतो, यादीत तुमचं नाव शेवटचं कधी बघितलं? सोलापूरची निम्मी तरुण पोरं पुण्यात कामाला. नाव इथं, राहणं हडपसरला, मतदानाला ना इथं ना तिथं. घर बदललं की नाव जुन्या केंद्रावरच राहतं. मेलेल्यांची नावं राहतात, जिवंतांची उडतात. पूर्व भागात तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना एकाच घरात तीन तऱ्हा होतात आणि केंद्रावर ओळखपत्राशी जुळत नाहीत. मतदानाच्या दिवशी रांगेतून परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं मत कुठल्या चिपनं खाल्लं नव्हतं, ते यादीतच हरवलं होतं.

यादी निवडणूक लागल्यावर बघायची नसते. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की ती गोठते, आणि नाव त्याआधी लागावं म्हणून आपला अर्ज थोडे दिवस आधीच द्यावा लागतो. नवं नाव घालायला नमुना 6, पत्ता किंवा नाव दुरुस्तीला नमुना 8, नाव वगळायला किंवा चुकीच्या नावावर हरकत घ्यायला नमुना 7. ऑनलाइन भरता येतात, नाहीतर आपल्या बीएलओकडं, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं द्यायचे. बीएलओ बहुधा जवळच्या शाळेतले मास्तर किंवा अंगणवाडीताई असतात, विचारलं की सापडतात. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चालत नाही, पुण्यात राहायचं असेल तर नाव तिकडं न्या. आणि केंद्रावर गेल्यावर कळलं की तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलंय, तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि केंद्राध्यक्षाला तिची नोंद ठेवावीच लागते.